सरांच्या नावावर

वहिनी हॉस्पिटलच्या संगणक विभागात काम करायची. सख्ख्या दिरावर तिचा संशय बसला तो तिथेच, तिच्या टेबलावरच्या स्क्रीनवर.

हॉस्पिटलला जोडून मेडिकल कॉलेज होतं. शेवटच्या वर्षाची मुलं वॉर्डात शिकाऊ डॉक्टर म्हणून राबायची आणि किती राबायची याला काही धरबंध नव्हता. मग दुसऱ्या कुठल्याशा कॉलेजातली एक मुलगी लागोपाठच्या ड्युट्या संपवून गाडी चालवत घरी निघाली आणि स्टिअरिंगवरच झोपली. ती गेली. तेव्हापासून नियम कडक झाला. शिकाऊ डॉक्टरांना ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम द्यायचं नाही, आणि दिलं नाही हे दाखवून द्यायचं. आधी मुलं आपापले तास हाताने लिहून द्यायची, आणि सगळ्यांचे तास जुळ्या भावंडांसारखे हुबेहूब यायचे. तपासणीला आलेली मंडळी ते बघून हसली. जाताना मात्र बजावून गेली, पुढच्या वेळी असलं काही दिसलं तर कॉलेजची मान्यता जाईल.

हॉस्पिटलच्या प्रशासकांनी मग तोडगा काढला. पेशंटचे सगळे कागद आता संगणकावर गेले होते. काहीही लिहायचं तर प्रत्येकाला आपल्या नावाने आणि पासवर्डने आत शिरावं लागायचं. कोण कधी शिरलं, कधी बाहेर पडलं, हे सिस्टिम आपणहून टिपून ठेवायची.

"मुलांना विचारायचंच कशाला?" प्रशासक म्हणाले. "यंत्रालाच विचारू. यंत्राला ना मित्र, ना परीक्षा."

ते काम वहिनीकडे आलं. दर आठवड्याला तक्ता करायचा. तास नियमात असतील तर नाव हिरवं, वर गेले तर लाल. पहिल्या तक्त्यात निम्मी नावं लाल निघाली. पुढच्यात थोडी. महिनाभरात तक्ता असा हिरवागार झाला की प्रशासकांनी तिला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला.

"बघा बाई, नुसतं मोजायला लागलो, तर शिस्त आली!"

वहिनी हसली, पण चहाबरोबर ते वाक्य काही तिच्या घशाखाली उतरलं नाही. पेशंट तेवढेच, मुलं तेवढीच, वॉर्ड तेवढेच. मग काम गेलं कुठे? इतकं गोड, आणि एक मुंगी लागू नये?

जागेवर येऊन तिने सहज म्हणून एक नाव शोधलं. दिराचं. घरात त्याला सगळे धाकटा म्हणायचे. मिशा आल्या, गळ्यात स्टेथोस्कोप आला, तरी तो धाकटाच. तक्त्याप्रमाणे धाकट्याची ड्युटी जवळजवळ रोज जेवणाच्या सुट्टीनंतर थोड्याच वेळात संपत होती.

आणि घरी तो यायचा तो सगळ्यांची जेवणं उरकून भांडी घासून झाल्यावर. झाकून ठेवलेलं उभ्याउभ्याच खायचा. बूट काढता काढता त्याचे डोळे मिटायचे. सासूबाई म्हणायच्या, "माझ्या लेकराला त्या हॉस्पिटलने चिपाडासारखं पिळून काढलंय." वहिनीही तेच समजत होती. कालपर्यंत.

ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा धाकटा शाळेत होता. गणितात नापास झाला की प्रगतिपुस्तक आधी तिला दाखवायचा, मग आईला. एखादी गोष्ट त्याने घरच्यांपासून लपवली असेल, पण वहिनीपासून नाही. म्हणूनच तिला ते जास्त लागलं.

त्या रात्री तिने विचारलं, "आज दुपारनंतर काय केलंस रे?"

"काय करणार? वॉर्ड."

"तीन नंबरचाच?"

"हो." त्याने ताटातून मान वर केली नाही.

तिने मनाशी म्हटलं, खोटं बोलताना याचे कान लाल व्हायचे. आज झाले नाहीत. म्हणजे खरं बोलतोय, की सवय झालीय?

दोन दिवसांनी ती गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेली, तर धाकटा कोपऱ्यात पाठमोरा उभा राहून फोनवर कुणाशी तरी दबक्या आवाजात बोलत होता. "अरे, माझ्या नावावर नको टाकू. माझे संपले. सरांच्या नावावर टाक. त्यांच्या नावावर कुणी विचारत नाही." मागे चाहूल लागली तसा त्याने फोन बंद केला आणि तिच्या हातातले कपडे घेऊन घड्या घालायला लागला. धाकट्याने आपणहून घड्या घालाव्यात, ही दुसरी संशयाची गोष्ट.

काही शिकाऊ मुलं चोरून बाहेरच्या खासगी दवाखान्यांत पैशासाठी काम करतात, हे हॉस्पिटलात सगळ्यांना ठाऊक होतं. सापडलं तर कॉलेजातून हकालपट्टी. वहिनीने दोन आणि दोन मांडले आणि तिचं उत्तर चार आलं.

तिने नवऱ्याच्या कानावर घातलं. थोरल्याचं चष्म्याचं दुकान होतं. तेव्हाही तो घरी कुणाच्या तरी चष्म्याची मोडलेली दांडी बसवत होता. ऐकता ऐकता त्याच्या हातातला बारका पेचकस थांबला.

"तू माझ्या भावावर पाळत ठेवतेस?"

"पाळत कसली? समोर दिसतं."

"समोर दिसतं म्हणून बघायचंच का? माझ्या दुकानासमोर बँक आहे. मी काय दिवसभर तिजोरीकडे बघत बसतो?"

"तिजोरी उघडी दिसली तर बघशील की नाही?"

तो पुन्हा दांडीकडे वळला. पण दुसऱ्या दिवशी जेवताना त्यानेच भावाला विचारलं, "फार दमतोस नाही हल्ली?" आणि ते अशा सुरात विचारलं की धाकट्याचा घास हातातच राहिला. संशयाचं सर्दीसारखं असतं. घरात एकाला झाली की बाकीचे शिंकायला लागतात. आठवडाभरात सासूबाई धाकट्याचे शर्ट धुवायला टाकण्याआधी हुंगून बघायला लागल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. आणि त्यांचा संशय भलत्याच दिशेला होता. त्यांना वाटत होतं, पोरगी आहे.

शेवटी एका दुपारी, स्क्रीनवर धाकट्याचं नाव बाहेर पडलेलं दिसलं त्याच क्षणी, वहिनी खुर्चीवरून उठली. प्रिंटर बघायचं निमित्त काढलं आणि तीन नंबरच्या वॉर्डाकडे निघाली. तो तिथे नसणार, आणि आपण रिकाम्या जागेकडे बघून परत येणार, याची तिने मनाची तयारी केली होती.

धाकटा तिथेच होता. खिडकीजवळच्या खाटेशी गुडघे टेकून तो एका म्हाताऱ्या बाईच्या मनगटात सुई बसवत होता. बाई टायपिंगचे वर्ग चालवायच्या. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली म्हणून भरती झाल्या होत्या.

"हळू रे," बाई म्हणत होत्या. "तुझी बोटं की खुरपं?"

"बाई, शीर हलतेय."

"शीर नाही हलत, तू पेंगतोयस."

वहिनी दारातच थांबली. तिला एकदम हलकं वाटलं. लेकरू खोटं बोलत नव्हतं. आपलंच मन काळं. ती मागे वळणार, तेवढ्यात धाकटा उठून कोपऱ्यातल्या संगणकाशी गेला आणि लिहायला बसला. आत शिरल्याशिवाय तर लिहिता येत नाही. आणि तो तर मघाशीच बाहेर पडला होता.

ती हळूच त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात नाव होतं ते विभागप्रमुखांचं. सगळे ज्यांना मोठे सर म्हणायचे, त्यांचं.

"धाकट्या," ती म्हणाली.

तो असा दचकला की खुर्चीचं चाक घसरलं.

जिन्याच्या वळणावर, औषधांचे रिकामे खोके रचलेले असतात तिथे, दोघं उभे राहिले.

"तू माझ्या मागावर होतीस?" त्याने विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"तुझे तास हिरवे झाले तेव्हापासून. हे काय चाललंय?"

"सगळेच करतात, वहिनी. तास संपले की आपलं नाव बंद करायचं आणि सरांच्या नावाने आत शिरायचं. काम काय तासांवर थांबतं? पेशंट कुणाच्या गळ्यात घालून येऊ?"

"पासवर्ड कुणी दिला?"

"वरच्या बॅचमधल्या मुलाने. त्याला कुणी दिला माहीत नाही. विचारायचं नसतं."

"सरांना ठाऊक आहे?"

धाकट्याने खांदे उडवले. "सर राउंडला येतात, आपल्या नावावरच्या नोंदी बघतात, मान डोलावतात. आता यावरून तूच काय ते ठरव."

मग तो तिला खरी भीती सांगायला लागला. शिकाऊ डॉक्टरने स्वतःच्या नावाने औषध लिहिलं, तर वरच्या डॉक्टरने बघून मंजूर केल्याशिवाय ते पुढे जात नाही. सरांच्या नावाने लिहिलं की मंजुरी लागतच नाही. नोंद थेट सिस्टरांकडे जाते, आणि सरांचं नाव बघून कुणी शंका काढत नाही.

"लिहिताना भीती वाटते मला," तो म्हणाला. "पण तू कुठे बोलू नकोस. परीक्षा सरांच्याच हातात आहे."

वहिनी परत येऊन जागेवर बसली. दिरावरचा संशय गेला होता, पण संशयाला एक जागा सोडायला लावली तर तो दुसरीकडे बिऱ्हाड करतो. तिने मोठ्या सरांच्या नावाच्या नोंदी उघडल्या. सर एकाच वेळी तीन वॉर्डांत पेशंट तपासत होते. सर परगावी परिषदेत भाषण देत होते त्या दिवशीही इथे सलाईन लावत होते. देवालाही इतकं जमलं नसतं.

आणि हा हिरवा तक्ता कोण करत होतं? तीच.

दुसऱ्या दिवशी तिने प्रशासकांना साधेपणाने विचारल्यासारखं विचारलं, "साहेब, तक्त्यात शिक्षकांचे तासही घेऊ का? म्हणजे चित्र पूर्ण होईल."

प्रशासक पेनाचं टोपण लावत होते. ते त्यांनी शांतपणे लावलं. "शिक्षकांचे तास कुणी मागितलेत का, बाई?"

"नाही."

"मग? जेवढं मागितलंय तेवढंच वाढावं. जास्त वाढलं की समोरच्याला अपचन होतं." ते हसले. ती दाराशी पोचली तेव्हा मागून म्हणाले, "तुमचे दीर आहेत ना इथे? हुशार मुलगा. त्यांच्या नोंदी तुम्ही बऱ्याचदा उघडून बघता, असं दिसलं. घरचं माणूस, काळजी असणारच. पण सांभाळा हं. यंत्र सगळ्यांचंच लिहून ठेवतं. बघणाऱ्याचंसुद्धा."

त्या दिवसापासून वहिनीला कार्यालयातली प्रत्येक नजर वेगळी वाटायला लागली. शेजारच्या टेबलावरचा हिशेबनीस तिच्याशी बोलता बोलता गप्प व्हायचा, तो सहज की मुद्दाम? तिचा संगणक एकदा आपोआप बंद पडला, तो खरंच आपोआप? घरी धाकटाही तिच्याशी जपून बोलायचा. ती समोर आली की फोन पालथा ठेवायचा. "त्याला वाटतं मी सांगेन," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि मला वाटतं तो आणखी काही लपवतोय." थोरला म्हणाला, "छान. आता घरात एकच माणूस उरलाय ज्याच्यावर कुणाचा संशय नाही. मी." सासूबाई आतून म्हणाल्या, "तूसुद्धा हल्ली दुकानातून उशिरा येतोस." तिघंही हसले, पण हसू लगेच विरलं.

पुढे टायपिंगच्या बाईंचं ते झालं.

गुठळी विरघळावी म्हणून बाईंना रक्त पातळ करणारं इंजेक्शन चालू होतं. एका संध्याकाळी त्याच औषधाची आणखी एक नोंद झाली, मोठ्या सरांच्या नावाने. सिस्टरांनी नाव बघितलं, सरांनी वाढवलं असेल म्हणून दोन्ही नोंदींप्रमाणे इंजेक्शनं दिली. दुसऱ्या दिवसापर्यंत बाईंच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मग लघवीतून, आणि पोटात दुखतंय असं सांगता सांगता त्या बेशुद्ध पडल्या. आयसीयूत त्यांना रक्ताच्या बाटल्यांवर बाटल्या चढवल्या.

मोठ्या सरांनी हात वर केले. ते त्या संध्याकाळी इमारतीतच नव्हते, हे खरंच होतं. "माझा पासवर्ड कुणीतरी चोरलाय," ते म्हणाले. "माझ्या मुलांपैकीच कुणीतरी. मला फार वाईट वाटतं." असं त्यांनी म्हटल्याबरोबर मुलांमध्ये फूट पडली. काल एका ताटात जेवणारी पोरं आज एकमेकांकडे चोर बघितल्यासारखी बघायला लागली. त्या संध्याकाळी कोण होतं, कोण नव्हतं, याच्या कुजबुजी सुरू झाल्या. ज्याने त्याने आपण नव्हतो एवढंच सांगितलं.

धाकटा घरी आला आणि वहिनीसमोर स्वयंपाकघरात जमिनीवरच बसला. बऱ्याच दिवसांनी तो तिच्याशी आपणहून बोलत होता.

"वहिनी, मी होतो त्या संध्याकाळी वॉर्डात."

तिने गॅस बंद केला. "तू लिहिलंस?"

"तेच तर." तो म्हणाला. "मला आठवत नाही. बाईंच्या खाटेशी गेलो होतो हे आठवतं. संगणकाशी बसलो होतो हे आठवतं. मधलं काहीच आठवत नाही. मी लिहिलं असेल. नसेलही. मी रोज असाच असतो गं, अर्धा झोपेत. माझ्यावर माझाच विश्वास उरलेला नाही."

त्याच्या डोक्यावर हात ठेवावा असं तिला वाटलं. तिने ठेवला नाही, कारण तिच्याही मनात तोच प्रश्न होता, आणि त्याला ते कळलं असतं.

सकाळी प्रशासकांनी तिला बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"ती नोंद कुठल्या संगणकावरून झाली, त्याआधी तिथे कोण होतं, हे सिस्टिममधून निघतं ना? ते काढा. त्या एका संध्याकाळचंच. मागचं पुढचं खणत बसू नका."

तिने काढलं. वॉर्डातल्या कोपऱ्यातला संगणक. त्याच संगणकावर, त्या दिवशी नेहमीपेक्षा उशिरा, धाकट्याचं नाव बंद झालं, लगेच सरांचं नाव उघडलं, आणि थोड्या वेळात ती नोंद. मध्ये दुसरं कुणी शिरलं नव्हतं. बाकीच्या मुलांची नावं तेव्हा दुसऱ्या वॉर्डांत उघडी होती. शंकेला जागाच नव्हती. महिनाभर शंकेत जगलेल्या वहिनीला ती थोडी तरी उरायला हवी होती.

ती परत केबिनमध्ये गेली. प्रशासकांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि त्यांना जे हवं ते तिथे वाचता आलं असावं.

"बसा," ते मऊ आवाजात म्हणाले. "तुमची अडचण मला कळते. मीही संसारी माणूस आहे. समजा, काही सापडलंच नाही. यंत्रातला बिघाड म्हणून अहवाल देता येईल. बाई वाचतायत असं डॉक्टर म्हणतात. मुलाचं आयुष्य कशाला नासवायचं? तुम्ही तक्ता करताय, उत्तम करताय. तसाच करत राहा."

"सांगते," वहिनी म्हणाली आणि बाहेर आली. बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की हा माणूस आपल्यावर उपकार करत नाहीये, आपल्याला वेसण घालतोय. पुन्हा तिला वाटलं, घातली तर घातली. धाकटा सुटतोय ना?

संध्याकाळी तिने धाकट्याच्या आधी थोरल्याला सांगितलं. तो एकदम म्हणाला, "मिटतंय ना? मग मिटू दे." सासूबाईंनी दारातून सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "सूनबाई, आजवर तुझ्यापुढे पदर पसरला नाही. आज पसरते."

धाकटा आला तसे तिघंही गप्प झाले. त्याने एकेकाचं तोंड बघितलं आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"मीच ना?" तो म्हणाला.

सासूबाईंनी वहिनीकडे असं बघितलं, की तिने नाही म्हणावं. एका शब्दाचं काम होतं.

"तूच," वहिनी म्हणाली.

तो तिथेच फरशीवर बसला. थोड्या वेळाने त्याने चेहरा वर केला, तर त्यावर रडू होतं आणि त्याच्या खाली काहीतरी सैल झालेलं. "बरं झालं," तो म्हणाला. "म्हणजे बरं नाही. पण कळलं. आठ दिवस मी स्वतःलाच कोपऱ्यात गाठून विचारत होतो." प्रशासकांनी काय सुचवलं तेही तिने त्याला सांगितलं, काही हातचं न राखता.

"बिघाड म्हणाले तर उद्या पुन्हा सगळे सरांच्याच नावाने लिहिणार," तो म्हणाला. "मीसुद्धा."

सासूबाई उठून आत गेल्या आणि दार आपटलं.

कॉलेजच्या प्राचार्य एक कडक बाई होत्या. कुणाच्या अध्यात ना मध्यात, अशी त्यांची ख्याती. दुसऱ्या दिवशी दोघं त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. धाकट्याने आपलं सांगितलं. वहिनीने सरांच्या नावाच्या महिनाभराच्या नोंदी त्यांच्या टेबलावर ठेवल्या. एकाच वेळी तीन वॉर्ड, परगावच्या दिवशीची सलाईनं, सगळं.

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पहिला प्रश्न विचारला तो हा: "याची प्रत आणखी कुणाकडे आहे?"

वहिनी सावध झाली. या बाई नोंदींबद्दल विचारत नाहीत, प्रतीबद्दल विचारतात. का?

"आहे एक," ती म्हणाली. "कुणाकडे ते विचारू नका."

कुणाकडेही नव्हती. आयुष्यात ती इतकं सरळ तोंड ठेवून खोटं बोलली नव्हती. धाकट्यानेसुद्धा चमकून तिच्याकडे बघितलं. प्राचार्यांनी तिच्या डोळ्यांत क्षणभर रोखून पाहिलं, आणि मग कागद ओढून घेऊन चौकशी समिती नेमण्याचा आदेश लिहायला घेतला. प्रतीच्या भीतीने लिहिला की एरवीही लिहिला असता, हे वहिनीला कधीच कळलं नाही.

चौकशी झाली. वर्गातली दोन मुलं धाकट्याच्या बाजूने बोलली. बाकीच्यांनी आपल्याला असं काही माहीत नसल्याचं सांगितलं. त्यांत त्याचा सगळ्यांत जवळचा मित्रही होता, गॅलरीतल्या त्या फोनच्या पलीकडचा. पासवर्ड आपल्याला कुणी दिला, हे तो वरच्या बॅचमधला मुलगा शेवटपर्यंत बोलला नाही. मोठ्या सरांचं प्रमुखपद गेलं. "मला काहीच कल्पना नव्हती," हे ते अगदी सारख्या शब्दांत प्रत्येकाला सांगत राहिले. धाकट्याला सहा महिने घरी बसवलं, त्यानंतर शेवटचा भाग पुन्हा करायचा. वहिनीची बदली बिलांच्या खिडकीवर झाली. दिराच्या नोंदी विनाकारण उघडल्या, हे कारण लेखी दिलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. प्रशासक आपल्या जागी राहिले. नव्या पद्धतीच्या उद्घाटनाला पारदर्शकतेवर भाषणही त्यांनीच केलं. नव्या पद्धतीत प्रत्येकाला आत शिरताना बोटाचा ठसा द्यावा लागायचा. त्या आठवड्यात तक्ता लालेलाल निघाला, आणि वॉर्डांसाठी आणखी डॉक्टर नेमायची जाहिरात काढावी लागली.

टायपिंगच्या बाई वाचल्या. त्या आयसीयूतून बाहेर आल्यावर धाकटा त्यांना भेटायला गेला. वहिनी दाराबाहेर थांबली. त्याने सांगायला सुरुवात केली तशा बाई म्हणाल्या, "बस. मला ऐकायचं नाही. बाहेर जा." तो बाहेर आला. दुसऱ्या दिवशी बाईंनीच निरोप धाडला, काल अर्धवट राहिलेलं बोलणं पूर्ण कर म्हणून. तो गेला आणि पूर्ण बोलला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. "तुला झोप कोण देत नव्हतं, त्याचं नाव मला हवंय," एवढंच म्हणाल्या, आणि मुलीला वकील बघायला सांगितलं. त्यांच्या दाव्यात धाकटा साक्षीदार झाला, आणि प्रतिवादीही.

सासूबाई वहिनीशी बरेच दिवस बोलल्या नाहीत. मीठ हवं असलं तरी थोरल्यामार्फत मागायच्या. तोही बिचारा इकडचा शब्द तिकडे नेऊन दमला. एकदा धाकट्याला दिवसा अंथरुणावर गाढ झोपलेला बघून त्या दारात उभ्या राहिल्या आणि वहिनीला म्हणाल्या, "केवढा घोरतो गं. लहानपणी असा घोरायचा." एवढंच. त्यानंतर मीठ थेट मागायला लागल्या.

धाकटा त्या सहा महिन्यांत आधी नुसता झोपला. मग हळूहळू बाहेर पडायला लागला. एक दिवस दुपारी त्याने बूट घातले, पिशवी उचलली आणि दार उघडलं. वहिनी सुट्टीवर होती. तिने हातातलं काम थांबवलं. कुठे चालला असेल? पिशवीत काय? सोबत कोण? प्रश्न आपोआप उठले. तिला स्वतःचा राग आला, पण ते बसले नाहीत.

धाकटा उंबऱ्यात थांबला होता. "विचार ना सरळ," तो म्हणाला.

"कुठे चाललास?"

"पोहायला. शिकतोय." त्याने पिशवी उघडून आतला टॉवेल तिला दाखवला.

"दाखवायची काही गरज नव्हती," वहिनी म्हणाली.

"होती," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.